कार्यक्रम होऊन जाऊ दे

आमच्याकडं कुणी विचारलं, कसं चाललंय, की उत्तर ठरलेलं असतं. बरं चाललंय. शेतकरी असो, दुकानदार असो, पुण्याहून सुट्टीला आलेला नोकरदार असो, उत्तर तेच. माझी कंपनी बंद पडून कितीतरी महिने झाले तरी मीही तेच सांगत होतो.

शिरवळच्या कारखान्यातली चांगली नोकरी सोडून मी बेदाण्याची प्रतवारी करणारं यंत्र बनवायला घेतलं होतं. कॅमेऱ्यानं दाणा बघायचा आणि खराब दाणा हवेच्या झोतानं बाजूला उडवायचा. माझ्या गाळ्यात, ट्यूबलाइटच्या उजेडात ते छान चालायचं. शेतकऱ्याच्या शेडवर, धुळीत आणि चिकट्यात चालायचं नाही. एवढी साधी गोष्ट होती, पण ती मला बायकोलाही सांगता आली नाही. रोज सकाळी डबा घेऊन घरातून निघायचो, कराडला नद्यांच्या संगमावर जाऊन बाकावर बसायचो, दुपारी तिथंच डबा खायचो आणि संध्याकाळी दमल्यासारखा घरी यायचो. दमलेलो असायचोही. दिवसभर लपून बसणं सोपं नसतं.

त्याच दिवसांत सांगलीला नव्या उद्योजकांचा एक मेळावा झाला. मी गेलो, कारण घरी सांगायला तेवढंच एक खरं कारण मिळालं होतं. व्यासपीठावर जो येईल तो आपण कसे उभे राहिलो ते सांगत होता. दुपारी जेवणाच्या रांगेत माझ्यापुढं एक बाई होत्या, साधारण माझ्याच वयाच्या. सांगलीजवळच्या जैन शेतकरी घरातल्या. ज्वारीचे पोहे बनवून पाकिटातून विकायचा उद्योग त्यांनी काढला होता. त्यांनी माझ्या उद्योगाची चौकशी केली. मी यंत्राचं सांगितलं.

"चालतंय का?"

"बरं चाललंय."

त्यांनी ताट हातात घेतलं आणि वळून माझ्याकडं नीट पाहिलं. "माझं नाही चालत," त्या म्हणाल्या. "पाकिटात किडे झाले. सगळा माल परत आलाय, घरात ठेवायला जागा नाही. तुमचं खरंच चालतंय, का माझ्यासारखंच?"

मागचा माणूस पुढं सरका म्हणत होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "बंद पडलंय."

"मग असं सांगा की," त्या म्हणाल्या आणि आमटी वाढणाऱ्यापुढं ताट धरलं.

आम्ही जेवण होईपर्यंत बोललो. दुपारच्या सत्राला दोघंही आत गेलो नाही. त्या दिवशी घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. तिनं हातातलं काम पुरं केलं. मग म्हणाली, "डबा संगमावर खात होतात होय? तरी म्हटलं, शर्टाला गवताची कुसळं कुठनं येतात."

आमचं मंडळ असं सुरू झालं. मंडळ हा शब्दही मोठाच. कराडला लागूनच मलकापूरला माझ्या बंद कंपनीचा गाळा होता आणि त्याचा करार संपायला अजून अवकाश होता. यंत्राचा सांगाडा कोपऱ्यात ढकलला, त्यावर ताडपत्री टाकली आणि उरलेल्या जागेत सतरंजी पसरली. साताऱ्याकडच्यांना आणि सांगलीकडच्यांना दोघांनाही कराड मध्ये पडतं. त्या बाई सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, लांबून एसटीनं यायच्या, म्हणून बैठक रविवारी सकाळी ठरली. ज्यांचा उद्योग अजून धड उभाही राहिलेला नाही आणि धड पडलेलाही नाही, अशी माणसं एकमेकांच्या ओळखीनं येत गेली. बहुतेक पोरं तिशीच्या आतली. नोकरी सोडलेली, घरच्यांनी सांगून पाहिलेलं, गावानं नजर ठेवलेली.

बैठकीची रीत आम्ही फार विचार करून ठरवली नव्हती, ती होत गेली. एकेकानं आपलं सांगायचं. कुणी "बरं चाललंय" म्हणालं, तर बाकीच्यांनी काही बोलायचं नाही. पुढच्या वाक्याची वाट बघायची. पुढचं वाक्य यायचंच. कधी लगेच यायचं, कधी समोरचा चहा गार झाल्यावर. मिरजेहून येणारा एकजण सतारी आणि तंबोरे परदेशी पाठवायचा प्रयत्न करत होता. पहिल्या दिवशी तो म्हणाला, बरं चाललंय. आम्ही गप्प. तो भिंतीकडं बघत राहिला आणि मग म्हणाला, "परवा आणखी एक तंबोरा फुटून परत आला. मी अजून उघडून बघितला न्हाई. खोका हलवला की आवाज येतोय."

दुसरी रीत अशी की मागितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. ही पुरुषमंडळींना फार जड गेली, मला सगळ्यात जास्त. माझं तोंड उघडायला लागलं की बाई सतरंजीवरूनच म्हणायच्या, "भाऊ, त्याचं संपू द्या."

ज्याच्याबद्दल मला सांगायचंय तो मुलगा आमच्यात आला तो कुणाच्या तरी मागं मोटारसायकलवर बसून. कृष्णाकाठच्या एका गावचा, कराडहून फार लांब नाही. वडील सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, थोडा ऊस, गोठ्यात चार जनावरं. इंजिनिअर झाल्यावर यानं गायीच्या गळ्यात बांधायचा एक पट्टा बनवला होता. गाय माजावर आली की अस्वस्थ होते, जास्त हिंडते. ते हलणं पट्टा मोजायचा आणि मालकाच्या मोबाइलवर मेसेज जायचा. गाय भरवायची ती वेळ चुकली तर वेत लांबतं आणि दुधाचा हिशेब पुढं ढकलला जातो, म्हणून ही गोष्ट कामाची होती. गावातले लोक त्याची चेष्टा करायचे, आणि ती चेष्टा तोच आम्हाला रंगवून सांगायचा. "आमची एक चुलती म्हणती, गाईला मोबाइल घेतलास व्हय रं, मला कवा घेनार? तिचा मेसेज मालकाला जातोय, माझा कुनाला जानार?"

आम्ही हसायचो. पण हसणं झालं की तो खरंही सांगायचा. गाय खांबाला मान घासते तरी मेसेज जातो. डॉक्टर येतो, बघतो, काही नाही म्हणून परत जातो आणि जाताना शिव्या घालतो. खरी माजावर आलेली गाय आपली शांत उभी आणि मेसेजच नाही. यातलं काहीही तो लपवायचा नाही. नवीन आलेली पोरं आधी त्याचं ऐकायची आणि मग त्यांचीही तोंडं उघडायची. आमच्या बैठकीत खरं बोलायची सवय रुजली ती माझ्यामुळं नाही, त्याच्यामुळं.

हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे, कारण पुढं मी त्याच्याशी जे केलं ते या पार्श्वभूमीवर बघायला हवं.

वर्ष होत आलं तेव्हा एका शिक्षणसंस्थेनं आम्हाला त्यांचं सभागृह देऊ केलं. वर्धापनदिन करा, म्हणाले. सभागृह फुकट, माइक, खुर्च्या, सगळं. फक्त कार्यक्रम नीट हवा. प्रमुख पाहुणे कोण आणि सत्कार कुणाचा, हे आधी कळवायचं. आमच्या भागात सत्काराशिवाय कार्यक्रम होत नाही. दहावी पास झालेल्यापासून बदली झालेल्या अधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांचे होतात. शाल, नारळ, फेटा, फोटो. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

पण खरं कारण वेगळं होतं. नोकरी सोडल्यापासून मला कुणी व्यासपीठावर बोलावलं नव्हतं. नातेवाइकांच्या लग्नात मी मागच्या ओळीत बसायला लागलो होतो. मला एकदा माइक हातात घेऊन उभं राहायचं होतं. इतकंच होतं ते. त्याला मी पोरांना प्रोत्साहन असं नाव दिलं.

रविवारी विषय काढला तेव्हा बाई म्हणाल्या, "सत्कार कशाबद्दल? आपण इथं एकमेकांचं रडगाणं ऐकायला जमतोय."

"लोकांना काहीतरी दिसलं पाहिजे ना," मी म्हणालो.

"मग माझा करा. किड्यांसकट."

सगळे हसले. मीही हसलो आणि पुढं सरकलो. सत्कार त्या मुलाचाच करायचा, हे मी मनात आधीच ठरवलं होतं. पट्ट्याचा फोटो चांगला येतो. शिवाय वडील फौजी. त्यांना मी स्वतः फोन करून बोलावलं. पलीकडून मोठा खडा आवाज आला, "येतो साहेब. गाडी करून येतो. गावातली चार मान्सं बी आनतो."

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी मी गाळ्यात होतो. फेटे आले होते, नारळांचं पोतं दारात पडलं होतं, मी शालींच्या पिशव्या मोजत होतो. तो आला आणि दारातच उभा राहिला.

"सर, दोन मिनिटं बोलायचं होतं."

"बोल की."

"मी थांबवतोय सर. पट्टे परत काढून घेणार. पैसे संपलेत, ते तर हायच. पण मलाच आता त्या मेसेजवर विश्वास राहिला नाही. लोक माझ्याकडं बघून पट्टा ठेवत्यात. उद्याचं माझं नाव काढा."

सतरंजीवर बसून कुणी हे बोललं असतं तर मी गप्प बसून ऐकलं असतं. त्या दिवशी माझ्या हातात शाल होती. मी म्हणालो, "आत्ता? अरे, पाहुणे ठरलेत. पत्रिका वाटून झाल्या. तुझे वडील गाडी करून येतायत. कार्यक्रम होऊन जाऊ दे. मग आपण बसू शांतपणे."

"पण सर, तुम्ही माइकवर काय सांगणार?"

"ते मी बघतो."

तो "बरं" म्हणाला. मग खाली वाकला आणि म्हणाला, "नारळ आत कुठं ठेवू?" आणि स्वतःच्याच सत्काराचं ते पोतं त्यानं उचलून आत नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी परिचय मी करून दिला. मला चांगलं बोलता येतं, हे मला त्या दिवशी नव्यानं कळलं. गावोगावच्या गोठ्यांत याचा पट्टा पोचला आहे, असं मी म्हणालो. मातीतून उठलेला हा मुलगा उद्या जिल्ह्याचं नाव करील, असंही म्हणालो. सगळी वाक्यं वर्तमानकाळातली आणि भविष्यातली. पुढच्या ओळीत त्याचे वडील बसले होते, कडक इस्त्रीचा शर्ट, छातीवर पदकं. पाहुण्यांनी मुलाच्या खांद्यावर शाल घातली तेव्हा ते उठून सावधान उभे राहिले आणि टाळ्या थांबेपर्यंत तसेच उभे होते. गावच्या माणसांनी मोबाइलवर सगळं घेतलं. मुलगा समोर बघत होता. फेटा त्याला थोडा मोठा झाला होता, तो एका हातानं धरून ठेवला होता. बाई मागं दाराशी उभ्या होत्या. त्यांना आदल्या दिवसाचं काही माहीत नव्हतं, तरी त्या टाळ्या वाजवत नव्हत्या.

मग बसू म्हणालो होतो, ते बसणं झालंच नाही. पुढच्या रविवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मी फोन केला.

"कामात आहे सर."

"कसं चाललंय?"

"बरं चाललंय."

मी, ज्याच्या गाळ्यात ती रीत पडली, पुढच्या वाक्याची वाट बघितली नाही. "छान, ये की मग सवडीनं," म्हणालो आणि फोन ठेवला. मला ते पुढचं वाक्य नको होतं.

असे काही आठवडे गेले. एका रविवारी बैठक उठल्यावर बाई मागं थांबल्या. चपला घालता घालता म्हणाल्या, "तुमच्या त्या पट्टेवाल्याला स्थळ आलंय म्हणे. मिरजेकडचं. आमच्या ओळखीतनं कळलं."

"चांगलं आहे की."

"चांगलं आहे. मुलीच्या वडलांनी तो व्हिडिओ बघितला. पोरगं कंपनी चालवतंय, सभेत नाव निघालंय. आजकाल शेतकऱ्याच्या पोराला कोण मुलगी देतंय, तुम्हीच सांगा. तुमच्या शालीवर जमतंय त्याचं. सुपारी फोडायची बोलणी चाललीत." त्यांनी दुसरी चप्पल पायात सरकवली. "त्याचं खरंच चालतंय का हो?"

मी दोन्ही हातांनी शटर धरलं होतं. ते तसंच अर्धवट सोडून मी खाली पायरीवर बसलो आणि त्यांना कार्यक्रमाच्या आदल्या दिवसाचं सांगितलं. त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्या माझ्याशेजारी बसल्या आणि काही बोलल्या नाहीत. त्यांनाही रीत पाळायची सवय झाली होती. मलाच पुढचं वाक्य बोलावं लागलं. "त्या मुलीचंही वाटोळं होईल."

"जा मग," त्या म्हणाल्या. "आणि यावेळी पाहुण्यांना घेऊन जाऊ नका."

त्याच दुपारी मी त्याच्या गावी गेलो. तो मळ्याकडच्या रस्त्यावरच भेटला, चाऱ्याचा भारा गाडीवर बांधत होता. मला बघून त्यानं दोरी सोडली नाही.

"पट्टे काढलेस का?"

"न्हाई. कसं काढणार? काढलं की गावाला कळलं. चालूच ठेवलंय. मेसेज आला की मीच आधी जाऊन गाय बघून येतो, मग त्यांना फोन करतो. म्हणजे चुकत न्हाई." तो हसला, पण ते हसणं नव्हतंच. "मीच आता पट्टा झालोय, सर."

"वडलांना सांगू आपण. मी बरोबर येतो."

"त्यादिवशी सांगितलं असतं तर नुसतं कंपनी बंद पडली म्हणून सांगायचं होतं. आता फसवलं म्हणून सांगायचंय." त्यानं गाठ आवळली. "सांगू कसं? तुम्हाला बोलता येतं. मला सांगा कसं सांगायचं ते."

आम्ही गाडी ढकलत घरापर्यंत गेलो.

वडील ओट्यावर बसले होते. मला बघताच उठले, आत बघून "साहेब आल्यात, चहा टाका" म्हणाले आणि स्वतः आतून खुर्ची आणली. सत्कारात मिळालेलं स्मृतिचिन्ह टीव्हीशेजारी ठेवलेलं दारातून दिसत होतं. मी त्याकडं बघत खुर्चीवर बसलो. शेवटी मुलगाच बोलला, उभ्यानंच.

"आण्णा, कंपनी बंद हाय."

"बंद म्हंजी? चार दिवस?"

"न्हाई. बंद."

"कवापास्नं?"

मी म्हणालो, "कार्यक्रमाच्या आधीपासून."

त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. "तुमाला ठावं हुतं?"

"हो. आदल्या दिवशी तो मला सांगायला आला होता. नाव काढा म्हणाला. कार्यक्रम होऊन जाऊ दे, असं मी म्हणालो."

"आन माइकवर त्ये समदं बोलला."

"बोललो."

ते हळूहळू खाली बसले. हाताचे पंजे गुडघ्यांवर ठेवले. मग ते म्हणाले, "मी हुबा ऱ्हायलो हुतो."

त्यांनी मला मारलं असतं तर ते सोसलं असतं. मी काहीतरी माफीचं पुटपुटलो. ते त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकायचं नव्हतं. त्यांनी खिशातून फोन काढला, चष्मा लावला, नंबर शोधला आणि लावला. पलीकडून आवाज आल्यावर ते परत उभे राहिले.

"राम राम पाव्हनं. मी बोलतोय. जरा येक बोलायचं हाय. त्यो आमच्या पोराचा व्हिडिओ तुमी बघितला न्हवं? त्यात माइकवर जे साहेब बोलत्यात, त्येच हितं बसल्यात. त्येंच्याशी बोला." आणि फोन माझ्यापुढं धरला. "बोला. समद्यांम्होरं बोलला हुता, आता ह्येंच्यासंगट बी बोला."

मुलगा पुढं आला. "आण्णा, मी सांगतो."

"तू सांगितलंस की. आदल्या दिवशीच सांगितलंस. आता त्येंचं ऱ्हायलंय."

मी फोन कानाला लावला. पलीकडं मुलीचे वडील होते. मी माझं काम काय, तो कार्यक्रम कशाचा होता, ते सांगितलं. मग सांगितलं की व्हिडिओत मी जे बोललो ते खरं नव्हतं, मुलाचा उद्योग तेव्हाच थांबला होता, आणि हे मला माहीत होतं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही.

"म्हंजी पोराला आज काम न्हाई," ते म्हणाले.

"आज नाही."

"पोरगं कसं हाय?"

सभागृहात त्याच्याबद्दल किती सुंदर वाक्यं मला सुचली होती. आता एकच सुचलं. "खोटं बोलत नाही. त्याला मी बोलायला लावलं."

"पोराचं कळलं," ते म्हणाले. "आन तुमी कसं हायसा म्हनायचं?"

ते थोडं थांबले, मग म्हणाले, "द्या त्येंच्याकडं फोन."

वडलांनी फोन घेतला. त्यांनी फक्त एवढंच सांगितलं की उद्या सकाळी आम्ही दोघं येतो, असल्या गोष्टी फोनवर सांगून भागत नाही, तुमच्या दारात येऊन सांगायच्या. फोन ठेवून ते मुलाला म्हणाले, "सकाळचं दूध घालून आलास की निघू. त्यो चांगला शर्ट घाल. तोंड पाडून यायचं न्हाई."

मी म्हणालो, "मीही येतो. माझी चूक आहे, तिथं मी—"

"तुमी येऊ नका," ते म्हणाले. आवाज चढवलेला नव्हता. "चा झालाय. घ्या आन जावा."

मी तो चहा घेतला. त्या घरात कप तसाच ठेवून उठायची मला हिंमत झाली नाही. मुलगा मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. मी गाडीला किक मारली तेव्हा तो म्हणाला, "सर, मला फोन करू नका. यायचं झालं तर मी येईन."

मी फोन केला नाही. पुढच्या रविवारी बैठकीत मी सगळ्यांना सांगितलं, आदल्या दिवसापासून फोनपर्यंत. पुढच्या वाक्याची वाट बघत सगळे गप्प बसले, आणि माझ्याकडं पुढचं वाक्य नव्हतं. त्यानंतर काहीजण यायचे बंद झाले. त्यात ती दोन पोरं होती ज्यांनी कार्यक्रमाला खुर्च्या लावल्या होत्या. सभागृहवाल्यांचा पुढच्या वर्षी फोन आला तेव्हा बाईंनीच तो घेतला आणि आमच्याकडं सत्कार करण्यासारखं कुणी नाही, असं सांगितलं.

तो मुलगा परत बैठकीला आला तेव्हा उन्हाळा सुरू झाला होता. न सांगता आला, दाराजवळ बसला. त्याची पाळी आली तेव्हा त्यानं सांगितलं की सगळे पट्टे काढून झाले, आता शिरवळला नोकरी लागली आहे, तिथंच खोली घेतली आहे, रविवारी घरी येतो. फोनच्या दुसऱ्या दिवशी मिरजेकडं गेल्याचंही त्यानं सांगितलं. वडील वाटेत गाडीवर एक शब्दही बोलले नव्हते. मुलीच्या घरात चांगली दहा-बारा माणसं जमली होती, कारण ती सुपारीची बोलणी समजून आली होती. स्थळ मोडलं. दोन दिवसांनी मध्यस्थाचा निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका आधीच जुळली होती, पण आमच्याकडं नाही म्हणायचं ते असंच म्हणतात, आणि ऐकणाऱ्यानंही ते तसंच ऐकून घ्यायचं असतं.

"आण्णा काय म्हणाले रे तिथं?" बाईंनी विचारलं.

"मी तोंड उघडायच्या आधी तेच उभे राहिले," तो म्हणाला. "माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, ह्यो माझा पोरगा. ह्येची कंपनी बंद पडलीया. बाकी ह्येचं समदं जाग्यावर हाय. आन खाली बसले."

तो सतरंजीचा एक सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत होता. मग त्यानं मान वर केली आणि शेजारच्या पोराला म्हणाला, "हां, तुझं सांग."